शब्दचर्चा : नाद लागणे, नादी लागणे आणि नाद करणे

— नाद हा शब्द चांगला का वाईट? कोल्हापुरात कौतुक करताना पण हाच आणि पोरगं बिघडलं तरी हाच. नाद असणे आणि नादी लागणे यात फरक आहे का? जाणकारांनी सांगा.

— फरक आहे, आणि भरपूर आहे. मूळ संस्कृत नाद म्हणजे आवाज, गाण्यातला नाद तो हाच. मराठीत त्याला छंद, वेड असा अर्थ चिकटला, एखादी गोष्ट कानात घुमायला लागली की दुसरं काही ऐकू येत नाही त्यावरनं आला असावा असं मला वाटतं. आता बघा, 'त्याला फुटबॉलचा नाद आहे' म्हटलं की नाद त्या माणसाचा, हक्काचा. 'अमक्याच्या नादी लागला' म्हटलं की माणूस दुसऱ्याच्या हातात गेला, ह्यात कौतुक कधीच नसतं. आणि 'नाद करायचा नाय' म्हणजे आमच्या वाटंला जाऊ नको, तिथं छंदाचा संबंधच नाही. 'नाद खुळा' मात्र निखळ दाद, खुळा हा शब्द एरवी कमीपणाचा असून इथं लोकांनी डोक्यावर घेतलाय ह्याचं मला लई अप्रूप आहे.

आवाज आणि वेड हे दोन्ही अर्थ एकत्र बघायचे असतील तर दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात या. म्हशीची शिंगं रंगवलेली, अंगावरचे केस कातरून नक्षी काढलेली, आणि पुढं सायलेन्सर काढलेली मोटरसायकल. गाडी फाडफाड वाजत सुटते आणि म्हैस त्या आवाजामागं, मालकामागं पळत सुटते. वर्षभर शेण, वैरण, धारा करणाऱ्या माणसाचा तो दिवस असतो, ह्याला व्यसन म्हणायची माझी तरी तयारी नाही, जीव लावणं म्हणतात ते हेच. कुस्तीचं तसंच, शाहू महाराजांना नाद होता म्हणून १९१२ साली खासबाग मैदान झालं, राजाचा नाद सगळ्या गावाला लागला.

— पटलं, पण एक राहिलं. 'आमच्या पोराला गाड्यांचा नाद' हे सांगताना घरच्यांची छाती फुगते, आणि 'हिला नटायचा नाद' ही मात्र तक्रार. प्रेमाचं तर विचारूच नका. आमच्याकडं घरात 'प्रेमात पडला' असं कुणी म्हणत नाही, ते पुस्तकी वाटतं, 'कुणाच्यातरी नादाला लागलाय' म्हणतात. लग्न जमलं की तीच पोरगी गुणाची, फिसकटलं की 'तिच्या नादानं वाटोळं झालं'. पोरगा आपल्या पायानं गेलेला असतो, दोष मात्र तिच्या पदरात. हे बोलणं बंद व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि सुरुवात आयांनीच करावी, कारण हे वाक्य मी जास्त त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

— बरोबर बोललात. नादान पण ह्यातलाच का मग?

— नाही, नादान फारसी, न जाणणारा तो नादान. नादिष्ट मात्र ह्यातलाच. आणि नादावणे विसरू नका, लहान पोर खेळता खेळता जेवायचं विसरलं की आज्जी म्हणते 'नादावलंय', तिथं पोर असो की पोरगी, कुणालाच बोल लागत नाही.