एकाच मॉडेलच्या दोन गाड्या: ३८ हजार किलोमीटरची घ्यावी की १ लाख १६ हजारांची?

रंकाळा_परिसर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आम्ही घरात पहिल्यांदाच चारचाकी घेत आहोत आणि ती सेकंडहँडच घ्यायची असे ठरले आहे. बरीच शोधाशोध केल्यावर आता दोन गाड्या उरल्या आहेत. दोन्ही एकाच मॉडेलच्या, पेट्रोलच्या, एमएच-०९ (कोल्हापूर) पासिंगच्या आणि पहिल्याच मालकाकडे असलेल्या आहेत. एक २०१६ ची असून तिचे रनिंग ३८ हजार किलोमीटर आहे. तिचे मालक निवृत्त गृहस्थ आहेत आणि ती राजारामपुरीच्या बाहेर क्वचितच गेली आहे. दुसरी २०१९ ची असून तिच्या मीटरवर १ लाख १६ हजार किलोमीटर दिसतात, कारण तिचे मालक कामानिमित्त सतत पुण्याला ये-जा करत असत. किमतीत फारसा फरक नाही.

माझ्या सासऱ्यांचे ठाम मत आहे की लाखाच्या पुढे गेलेली गाडी घेऊच नये. मला मात्र तीन वर्षांनी नवी असलेली गाडी केवळ एका आकड्यामुळे सोडून देणे पटत नाही. आमचा स्वतःचा वापर रोज रंकाळ्यापासून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीपर्यंत जाऊन येण्याचा, म्हणजे वर्षाला चौदा-पंधरा हजार किलोमीटरच्या आसपास राहील. आपल्या गाड्या वर्षाला किती धावतात आणि किती किलोमीटरनंतर कोणता खर्च निघाला, हे अनुभवी मंडळींनी सांगितले तर निर्णय घेणे सोपे जाईल.

शाहूपुरी_वितरक

माझ्या २०१४ च्या डिझेल गाडीने २ लाख ९० हजार किलोमीटर पूर्ण केले आहेत. आमच्या धंद्यात हे रनिंग जास्त समजले जात नाही. कोल्हापूरहून पुणे सुमारे २३० किलोमीटर, बेळगाव ११० आणि आंबा घाटातून रत्नागिरी १३० च्या आसपास आहे. हा सगळा भाग ज्याला सांभाळायचा आहे, त्याचे वर्षाला पंचवीस हजार सहज होतात. आपण पाहिलेल्या पहिल्या गाडीचा हिशेब केला, तर ती महिन्याला सरासरी साडेतीनशे किलोमीटरच चाललेली दिसते. पुण्याची एक फेरी जाऊन-येऊन याहून मोठी होते.

खर्चाचे म्हणाल तर टायर साधारण दर ४५ हजारांना बदलावे लागले. पुढचे शॉकअॅब्सॉर्बर लाखाच्या थोडे पुढे गेले आणि क्लच प्लेट दीड लाखाच्या सुमारास बदलली. घाटातली चढण आणि पावसाळ्यात उखडणारा रस्ता यांमुळे हे होतेच. इंजिन मात्र आजवर उघडलेले नाही. दर दहा हजारांना ऑइल आणि फिल्टर बदलण्यात मी कधीही चालढकल केली नाही, याचे श्रेय मी त्यालाच देतो.

उद्यमनगर_गॅरेज

ताई, आपला प्रश्न योग्य आहे. शिवाजी उद्यमनगरात आमचे गॅरेज असून गेली अनेक वर्षे मी दोन्ही प्रकारच्या गाड्या उघडून पाहत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ओडोमीटर चाके किती फिरली ते सांगतो. इंजिन किती तास चालले ते सांगत नाही. शहरात दाभोळकर कॉर्नर, व्हीनस कॉर्नर, बिंदू चौक असा प्रवास करणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ताशी अठरा-वीस किलोमीटरच्या पुढे जात नाही. अठराच्या हिशेबाने ३८ हजार किलोमीटरसाठी इंजिन २,१०० तासांहून अधिक चालले असणार. महामार्गावर थांबे धरूनही सरासरी साठ पडते असे मानले, तर १ लाख १६ हजारांसाठी दोन हजार तासांपेक्षा कमी लागतात. म्हणजे आकड्यात तिपटीचा फरक असूनही इंजिनाचे काम जवळपास सारखेच झालेले आहे. शिवाय गिअर, क्लच आणि ब्रेक यांचा वापर प्रत्येक किलोमीटरमागे शहरातल्या गाडीत कितीतरी जास्त होतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. इंजिन थंड असताना पेट्रोल जास्त प्रमाणात सोडले जाते आणि त्यातील न जळलेला थोडा भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतो. ज्वलनातून तयार होणारी वाफही आत गारठून तिचे पाणी होते. ऑइल पुरेसे तापले की हे दोन्ही उडून जाते, पण त्यासाठी सलग प्रवास लागतो. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे फक्त कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) तापलेले असते. ऑइल तापायला त्याहून बराच अधिक वेळ जातो. भाजी आणायला दोन किलोमीटर जाऊन बंद होणारी गाडी त्या अवस्थेपर्यंत कधी पोहोचतच नाही. तिचे ऑइल किलोमीटर न भरताही खराब होते, सायलेन्सर आतून गंजतो आणि बॅटरी पूर्ण चार्ज होत नाही. म्हणूनच दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलावे, असा नियम दिलेला असतो. कमी चालवणारे लोक त्यातला वर्षाचा भाग विसरतात आणि तेथेच नुकसान होते.

रबराचे वय तर किलोमीटरवर अवलंबूनच नसते. होज पाईप, बुश, इंजिन माउंटिंग, वायपर हे सगळे उन्हाने आणि वर्षांनी कडक होते. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ३८ हजारांच्या गाडीवर २०१६ चेच टायर असतील, तर नक्षी कितीही खोल दिसत असली तरी ते बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.

ताराबाई_पार्क

वरील माहिती मोलाची आहे, परंतु त्यावरून कमी चाललेली गाडी नेहमीच वाईट असा समज होऊ नये, म्हणून लिहिते. माझ्याकडे २०१२ ची पेट्रोल गाडी असून ती आजवर केवळ ५४ हजार किलोमीटर चालली आहे. दवाखाना आणि घर एवढाच तिचा रोजचा मार्ग आहे. तरीही ऑइल दरवर्षी बदलले जाते, आणि सुटीच्या दिवशी तिला पन्हाळा किंवा जोतिबाच्या रस्त्याला मुद्दाम नेले जाते, म्हणून इंजिन आजही उत्तम आहे. त्या निवृत्त गृहस्थांनी अशी काळजी घेतली असेल, तर सासऱ्यांचे मत अगदीच चुकीचे ठरणार नाही. गाडी विकताना लोक मीटरच पाहतात, हाही मुद्दा आहे.

विमा_सर्व्हेअर

अपघात आणि पुराच्या दाव्यांसाठी गाड्या तपासणे हे माझे काम असल्यामुळे दोन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते.

मीटर मागे फिरवणे आजही होते आणि डिजिटल मीटर आल्याने ते थांबलेले नाही. त्यामुळे ३८ हजार हा आकडा आधी सिद्ध होऊ द्या. गाडीच्या क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक सर्व्हिसच्या वेळची किलोमीटरची नोंद मिळते. मालकांना सोबत नेऊन ती पाहा. पेडलचे रबर, स्टिअरिंगची चकाकी आणि चालकाच्या सीटची दबलेली कड या गोष्टी आकड्याशी जुळल्या पाहिजेत.

दुसरे म्हणजे २०१९ आणि २०२१ चा महापूर. त्या दोन्ही वेळी पाण्यात उभ्या राहिलेल्या अनेक गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या, आणि त्यांचे रनिंग पुष्कळदा कमीच असते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, कारण गुंडाळून राहिलेल्या भागावर गाळाची रेघ टिकून राहते. गालिचा उचलून सीटखालचे स्क्रू गंजले आहेत का ते बघा आणि स्टेपनीचा खड्डाही तपासा. सध्याच्या विमा पॉलिसीवरील नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, अवश्य विचारा. पाच वर्षे दावा केला नसेल तर तो ५० टक्के असतो. जुन्या गाडीवर तो शून्य किंवा २० टक्के असेल, तर अलीकडे काय घडले याचे उत्तर मालकांकडून मिळालेच पाहिजे.

शाहूपुरी_वितरक

या निमित्ताने एक आठवले, तेही सांगतो. अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन या शिक्षकांनी १९६६ मध्ये घेतलेल्या व्होल्वो पी-१८०० गाडीने २०१३ मध्ये तीस लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. त्यांचा कामाला जाण्या-येण्याचा रोजचा प्रवासच सव्वाशे मैलांचा होता. उद्यमनगरच्या मिस्त्रींनी मांडलेल्या सलग प्रवासाच्या मुद्द्याला यातून बळच मिळते.

रंकाळा_परिसर

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही दोन्ही गाड्यांच्या नोंदी काढल्या. पहिल्या गाडीच्या सुरुवातीच्या मोफत सर्व्हिस झालेल्या आहेत, पण २०२० नंतरची एकही नोंद नाही आणि टायर मूळचेच आहेत. दुसऱ्या गाडीची प्रत्येक सर्व्हिस वेळेवर झालेली असून बोनस ५० टक्के आहे. मात्र तिचा क्लच पहिल्यापासूनचाच आहे. आता उद्यमनगरच्या दादांनी सांगावे, दुसरीच घ्यावी का?

उद्यमनगर_गॅरेज

होय, दुसरीच घ्या. आपल्याला वर्षाला पंधरा हजार चालवायची आहे, आणि पंधरा वर्षांची नोंदणी धरली तर आरटीओत नूतनीकरणाची वेळ पहिलीला २०३१ मध्ये येईल, दुसरीला २०३४ मध्ये. क्लच, पुढचे शॉकअॅब्सॉर्बर आणि बुश यांच्यासाठी रक्कम बाजूला काढून मगच किंमत ठरवा. व्यवहारापूर्वी गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी पहिल्यांदा आपल्यासमोर चालू करायला लावा, धूर निघतो का ते पाहा, इंजिनातील चेनचा आवाज ऐका, आणि मग पन्हाळ्याच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये नेऊन पाहा. आवाज वाढून वेग वाढत नसेल, तर क्लच लगेच बदलावा लागेल आणि तो खर्च विकणाऱ्याने सोसावा.