‘सेट’ या इंग्रजी शब्दाचे इतके अर्थ मुलांना कसे शिकवावेत?

प्रश्न (शिक्षिका, नाशिक रोड)
मी आठवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. परवा एकाच उताऱ्यात ‘सेट’ तीन अर्थांनी आला: सूर्य मावळला, आईने पाने मांडली आणि भांड्यांचा संच विकत घेतला. मुले ‘सेट म्हणजे संच’ असे वहीत लिहून मोकळी होतात आणि पुढच्याच वाक्यात अडखळतात. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती, त्यामुळे सगळे अर्थ पाठ करून घेणे शक्य नाही. त्यांना जोडणारे काही सूत्र असल्यास जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (भाषेचे अभ्यासक, गंगापूर रोड)
सूत्र आहे, आणि मराठी मुलांना ते चटकन उमगेल. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ हे त्याचेच जुने प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. ज्या ‘सद्’ धातूपासून आपल्याकडे सदन आणि संसद हे शब्द आले, तोही याच कुळातला. आपण मोडलेले हाड बसवतो, अंगठीत खडा बसवतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘सेट’च येतो. जिथे ‘बसवणे’ चालत नाही, तिथेही एखादी गोष्ट तिच्या जागी आणून पक्की करणे हा गाभा बहुधा सापडतो: गजर लावणे, प्रश्नपत्रिका काढणे, लग्नाची तारीख ठरवणे, आदर्श घालून देणे. मराठीत यांतल्या प्रत्येकाला निराळे क्रियापद लागते, मुलांची खरी अडचण तीच आहे. म्हणून हे क्रियापद सुटे न शिकवता कर्मासकट शिकवावे. ‘संच’ मात्र वेगळा काढावा, कारण ते नाम जुन्या फ्रेंचमधून आले असून त्याचे मूळ लॅटिन ‘सेक्टा’ म्हणजे अनुयायांचा पंथ हे आहे. पुढे क्रियापदाची छाया त्यावर पडली, हे खरे.

उत्तर (द्राक्ष बागायतदार, निफाड)
आमच्या बागेत हा शब्द मजुरांच्याही तोंडी आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर घड फुलोऱ्यात येतात आणि फुले जाऊन बारीक मणी धरले, की आम्ही ‘सेटिंग झाली’ असे म्हणतो. ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला, तर गळ होऊन सेटिंग बिघडते. इंग्रजीतही फळ धरण्याला ‘सेट’ हेच क्रियापद आहे. इथे कोणी काही बसवत नाही, मणी आपणहून धरतो, तेव्हा बाईंनी अकर्मक प्रयोगही दाखवावा.

उत्तर (स्थापत्य अभियंता, सिडको)
सिमेंटचेही तसेच आहे. ते ‘सेट’ होते म्हणजे वाळते, असा समज सर्रास आढळतो, परंतु पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते आणि म्हणूनच स्लॅबवर नंतरही पाणी मारावे लागते. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी भारतीय मानकाने प्रारंभिक सेटिंगला किमान ३० मिनिटे आणि अंतिम सेटिंगला कमाल ६०० मिनिटे अशी मर्यादा घातली आहे.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. ‘सेट ऑफ’, ‘सेट अप’ यांचे काय करावे?

उत्तर (भाषेचे अभ्यासक)
ती जोडक्रियापदे स्वतंत्र शब्द मानून नंतर घ्यावीत. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणे आणि फटाका उडवणेही. ‘सेट अप’ म्हणजे उभारणे. थंडी पडू लागली, की ‘सेट इन’. आधी कर्मासहचे प्रयोग मुलांच्या अंगवळणी पडू द्यावेत.