प्रतिसाद: 'रोड टू रुइन'मधले ड्रम

ड्रमर टॉमी गेला आणि रामोन्स या अमेरिकन पंक बँडची धारच गेली, असं वर कुणीतरी म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. १९७८ मध्ये दौऱ्यांना कंटाळून टॉमीने ड्रम सोडले, बँडची साथ नाही. त्याच वर्षीच्या 'रोड टू रुइन' या अल्बमच्या निर्मितीत निर्माता एड स्टेशियमबरोबर तो होताच.

त्याच्या जागी ड्रमवर मार्की आला, रिचर्ड हेलच्या व्हॉइडॉइड्स या बँडमधून. तिथे तिरकी, अडखळत जाणारी गाणी; इथे रामोन्समध्ये मात्र हाय-हॅटवर (पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) अखंड सरळ ठोके, तेही सुसाट वेगात. ऐकायला सोपं वाटतं, पण वाजवायला बसलं की दोन मिनिटांत मनगट भरून येतं. मार्कीने टॉमीचा तो ठेका आत्मसात केला आणि स्नेअरला (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमला) आणखी वजन दिलं, असं माझं मत.

खरा बदल झाला तो गिटारमध्ये. अकूस्टिक गिटार आली, संथ गाणी आली, चक्क सोलो, म्हणजे एकट्या गिटारचे तुकडेसुद्धा! 'आय वॉना बी सिडेटेड' या गाण्यातला सोलो म्हणजे एकच सूर, पुन्हा पुन्हा. तो कंटाळवाणा होत नाही, कारण मागून ड्रम त्याला ढकलत राहतात. एकदा हेडफोन लावून फक्त तेवढा भाग ऐका आणि मग सांगा, धार कुठे कमी झाली?