मदत हवी आहे: हॉस्पिटलचं २०२६-२७ चं आयटी बजेट, १२ लाखांत आधी काय घ्यावं?

नमस्कार. नागपूरला धंतोलीतल्या ६० खाटांच्या एका धर्मादाय हॉस्पिटलचं ऑफिस आणि संगणकांचं काम मी बघते. मार्चमध्ये विश्वस्तांची बैठक आहे, त्यात पुढच्या वर्षाचा आयटी आणि सायबर सुरक्षेचा खर्च मांडायचा आहे. आकडा वरूनच आला आहे: सगळं धरून १२ लाख.

मोठा घास संगणकांचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या ५२ पैकी १६ मशिनींवर विंडोज ११ चढतच नाही. प्रोसेसर जुना, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही. नव्या मशीनचं कोटेशन ४५,००० अधिक १८ टक्के जीएसटी. कारखानदाराला हा जीएसटी वळता करून मिळतो. आरोग्यसेवा करमुक्त, म्हणून आम्हाला इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे एक मशीन ५३,१०० ला पडते आणि १६ चे होतात साडेआठ लाख. उरलेल्या साडेतीन लाखांत फायरवॉलचं रिन्यूअल, अँटिव्हायरस, सॉफ्टवेअरची एएमसी (वार्षिक देखभाल करार), यूपीएसच्या बॅटऱ्या आणि बॅकअप. बसत नाही.

आणि माझा जीव अडकलाय तो बॅकअपमध्ये. तो रोज रात्री निघतो, पण जातो सर्व्हरच्याच डोक्यावर ठेवलेल्या यूएसबी डिस्कवर, जी चोवीस तास जोडलेली असते. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरलं तर सर्व्हरबरोबर तीही लॉक होणार. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर गेले तेव्हा कित्येक दिवस कामं हातानं लिहून चालली होती. आमच्याकडे तेवढी माणसंही नाहीत. रात्री दोनला आयसीयूत रुग्ण आला आणि त्याचा कालचा क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), अॅलर्जीची नोंद स्क्रीनवर आलीच नाही, तर ड्यूटी डॉक्टरनं डोस कशावरून ठरवायचा?

शिवाय डीपीडीपी, म्हणजे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. तयारीला पूर्ण असं हे एकच आर्थिक वर्ष आहे. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत.

पैसा देणगीचा आहे, त्यामुळे विश्वस्त रुपयारुपयाला प्रश्न विचारतात आणि ते बरोबरच आहे. पण "गेल्या वर्षी तर काही झालं नाही" याला उत्तर काय द्यावं? जुन्या मशिनींना पैसे भरून मिळणारे अपडेट, म्हणजे ईएसयू, घेऊन वर्ष काढावं का? सीटी स्कॅनच्या कन्सोलवर अजून विंडोज ७ आहे, त्याला हात लावला तर सर्व्हिस करार रद्द होतो. त्याचं काय करावं? ज्यांनी असं बजेट मांडलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी बुटीबोरीत एका कारखान्याचं आयटी बघतो. ईएसयूचा हिशेब आधी करून पाहा. पहिल्या वर्षाचे ६१ डॉलर, पण ते वर्ष ऑक्टोबर २०२६ मध्येच संपतं. पुढच्याचे १२२. मार्च २०२७ गाठायला मशीनमागे १८३ डॉलर लागतात, वर कर. नव्या मशीनच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसे जुन्यावर घालून हाती काही उरत नाही. त्यापेक्षा जिथं सॉफ्टवेअर नुसतं ब्राउझरमध्ये चालतं अशा आठ मशिनींवर लिनक्स टाका आणि आठच नव्या घ्या. सव्वाचार लाख सुटले.

त्यातून सगळ्यात आधी बॅकअप. दोन डिस्क आलटून पालटून, एक कायम काढलेली आणि दुसऱ्या इमारतीत कुलपात. शिवाय एक प्रत क्लाउडवर, जी ठरल्या मुदतीपर्यंत कुणालाच पुसता येणार नाही अशी. दर तिमाहीला त्यातून एक दिवसाचा डेटा परत उतरवून बघायचा, तोपर्यंत त्याला बॅकअप म्हणू नका. सीटीचा कन्सोल वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात टाका, इंटरनेट बंद, फक्त स्कॅनच्या प्रतिमा साठवणाऱ्या पॅक्स सर्व्हरशी बोलणं चालू. कन्सोलच्या सॉफ्टवेअरला हात लागत नाही. बॅटऱ्या एप्रिलमध्येच बदला. मे महिन्यात एसी बंद पडला की सर्व्हरची खोली भट्टी होते.

लॉगचं, म्हणजे संगणकांवर काय घडलं त्याच्या नोंदींचं, काम मे २०२७ वर ढकलू नका. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग आजही ठेवावे लागतात आणि हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं. विश्वस्तांपुढे फायरवॉलची नावं घेऊच नका. तीन दिवस संगणक बंद राहिले तर किती बिलं अडकतील, कॅशलेसचे आणि महात्मा फुले योजनेचे किती दावे थांबतील, हा आकडा अकाउंट्सकडून काढून पहिल्याच पानावर ठेवा न.

धागाकर्ती

मनापासून आभार. ऑक्टोबरची मेख कुणीच सांगितली नव्हती. आकडा उद्याच अकाउंट्सकडे मागते. ओपीडी नोंदणी आणि फार्मसी ब्राउझरवरच चालतात, त्यामुळे आठ मशिनी निघतील. फक्त फार्मसीचा बारकोड लेबल प्रिंटर लिनक्सवर चालवलाय का कुणी? काउंटर बंद ठेवून प्रयोग करता येणार नाही.