जेवणाआधी फोन करून विचारा

एका ताईंनी निराधार महिलांच्या निवासात वाढदिवसाचं जेवण द्यायचं सुचवलंय. द्या की, पण आधी फोन करा. नाशिकला पंचवटीत अशाच एका ठिकाणी गेले होते, ऐन पितृपक्षात. एकाच दुपारी तीन घरची खीर आलेली, आणि रात्री राहणाऱ्या मावशींचा पगार मात्र दोन महिने थकलेला! कपाटात जरीच्या जुन्या साड्या कोंबलेल्या. बायकांना हवे होते गाऊन आणि पॅड.

त्यापेक्षा दरमहा ५०० रुपये बँकेतून वळते करा. (रोख २,००० च्या वर दिले तर देणगीवरची आयकरातली सूट नाही.) नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरीला असाल तर कंपनीत सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या निधीचं विचारा, २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात महिलांची निवासगृहं, वसतिगृहं चक्क नावानिशी आहेत.

आणि तिथल्या बायकांचे फोटो नकोत हं. एखादी नवऱ्यापासून लपून राहिलेली असते, तो अजून तिला शोधत फिरत असतो.