ऑपरेशनच्या भीतीची प्रश्नावली मराठीत करतेय, पेशंटना वेगळंच काहीतरी समजतंय

डिचोलीची_सिस्टर
नमस्कार सगळ्यांना. एमएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डिझर्टेशनसाठी सर्जिकल फिअर क्वेश्चनेअर मराठीत आणतेय. मूळ नेदरलँड्सची, २०१४ ला छापून आलेली, फक्त ८ वाक्यं, प्रत्येकाला ० ते १० आकडा द्यायचा म्हणजे एकूण ८०. पहिली ४ लगेचच्या भीतीची (ऑपरेशन, भूल, नंतरचं दुखणं, मळमळीसारखे त्रास) आणि पुढची ४ लांबच्या भीतीची (तब्येत आणखी बिघडेल, ऑपरेशन फेल जाईल, पूर्ण बरं वाटणार नाही, सावरायला फार दिवस जातील). मूळ लेखकांची परवानगी आलीय, एथिक्स कमिटीची मंजुरी झालीय. दोघांनी वेगवेगळं भाषांतर केलं, बसून एक केलं, मग मूळ न बघितलेल्या दोघांनी ते उलट इंग्रजीत नेलं. ते मूळाशी इतकं जुळलं की गाइड म्हणाले आता सरळ २०० पेशंट घे आणि अल्फा (वाक्यं एकमेकांशी जुळतात का तो आकडा) काढ.

मी हट्टाने आधी १२ जणांना दाखवलं आणि वाचून काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत विचारलं. हर्नियासाठी आलेले दोडामार्गकडचे एक काका, आठव्या वाक्यात आम्ही 'पुनर्वसनाला लागणारा काळ' लिहिलेलं, ते म्हणाले "आमचं तिळारीच्या धरणात गेलं बाय, पुनर्वसनाचं काय विचारतेस" आणि १० ला गोल करून मोकळे. कॉलेजच्या एका मुलीला 'भुलीची भीती' म्हणजे डॉक्टरची चूक वाटली, हिंदी सिरियलवाली भूल. 'ऑपरेशन फेल' वाचल्यावर एका बाईंनी नवऱ्याच्या हातातला कागदच काढून घेतला, असलं अभद्र विचारू नकोस, वास्तू तथास्तु म्हणते म्हणून.

शिवाय निम्मे लोक घरी कोंकणी बोलतात पण पेपर मराठी वाचतात, अडले की मी पटकन कोंकणीत सांगते. हे चालतं का? आणि हे सगळं आता बदललं तर उलट भाषांतर परत करायचं का? गाइडना काय सांगू?

शब्दखोर_फोंडा
तुमचे काका म्हणजे सोनं आहे, थिसिसमध्ये नक्की घाला. उलट भाषांतर करणारा शिकलेला असतो, त्याला 'पुनर्वसन' दिसलं की त्याच्या डोक्यातला इंग्रजी शब्द आपोआप बाहेर येतो, म्हणून तिथे ते पास झालं. शासकीय मराठीतले बरेच शब्द असे पास होतात कारण ते मुळात इंग्रजीवरूनच पाडलेले असतात. मी भाषांतरं करते, जितकं वाईट भाषांतर तितकं उलट सुंदर जुळतं, हे बरेचदा बघितलंय.

आठवं असं करून बघा: 'ऑपरेशननंतर पहिल्यासारखं कामाला लागायला खूप दिवस जातील याची मला भीती वाटते.' फक्त सातव्यापासून ते वेगळं राहिलं पाहिजे, तिथे पूर्ण बरं होणार की नाही हा प्रश्न आहे आणि इथे किती दिवस लागतील हा.

आणि एक, मोह झाला तरी अर्ध्या वाक्यांत 'भीती' आणि अर्ध्यांत 'काळजी' घालू नका. आपल्याकडचे पुरुष काळजी कबूल करतात, भीती नाही. पहिल्या चारांत भीती आणि पुढच्या चारांत काळजी आली तर तुमचे दोन फॅक्टर (आकडेमोडीत एकत्र येणारे वाक्यांचे गट) छान सुटे पडतील आणि तुम्ही खूष व्हाल, पण ते शब्दांचे फॅक्टर असतील, भीतीचे नाहीत.

गॅसवाला_डॉक्टर
भूल देणं हाच माझा धंदा, त्यामुळे दुसऱ्या वाक्यावर बोलायचा हक्क आहे :) नुसतं 'भूल' नको, 'भूल देण्याची (अनेस्थेशियाची)' करा. आणि तेव्हा पेशंट काय डोळ्यासमोर आणतो तेही विचारा. आमच्याकडे कोणाला जाग येणार नाही याची भीती, कोणाला मधेच जाग येईल याची, आणि पाठीतल्या इंजेक्शनने कायमची कंबर धरते ही तर गावोगाव, तिन्हींचा आकडा एकाच वाक्यात पडणार.

गाइडना सांगा की अल्फा फक्त वाक्यं एकमेकांशी किती जुळतात ते सांगतो. ०.७० च्या वर हवा हे खरं, पण ०.९५ च्या वर गेला तर एकच गोष्ट आठ वेळा विचारली का हे बघावं लागतं. काकांच्या धरणाबद्दल अल्फा काहीच बोलणार नाही.

टेस्ट-रिटेस्टला (त्याच माणसाने परत भरल्यावर आकडा तोच येतो का ते बघणं) जपा. ही भीती एका जागी थांबत नाही, पीएसीच्या (भुलीआधीच्या तपासणीच्या) दिवशी ३ असलेला माणूस आदल्या रात्री ८ असतो, त्यात प्रश्नावलीचा दोष काय? तारीख लांब आहे अशांनाच घ्या, ३-४ दिवसांनी परत भरून घ्या, आणि मधे कोणी सर्जन समजावून गेला नाही ना ते बघा. तुलनेला स्टाय (STAI) ही चिंतेची प्रश्नावली विकतची आहे, त्यापेक्षा अपाइस (APAIS) ही ऑपरेशनआधीच्या चिंतेची घ्या, तीही डच, १९९६ ची, ६ प्रश्न, त्यातले ४ भीतीचे आणि २ माहिती हवी का याचे. मात्र तिचीही मराठी तपासलेली हवी, नाहीतर डळमळीत काठीने डळमळीत काठी मोजाल.

कोंकणीबद्दल: नाही चालत. ज्या क्षणी तुम्ही तोंडी कोंकणीत सांगता त्या क्षणी तुम्ही मराठी प्रश्नावली तपासत नसून स्वतःची कोंकणी तपासताय. आणि तुम्ही सांगणार एक, नाईटची सिस्टर सांगणार दुसरं.

पेडण्याचे_मास्तर
मी रिटायर शिक्षक, गेल्या साली पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा असाच एक कागद भरलेला, म्हणून पेशंटच्या बाजूने सांगतो. ० ते १० हे तुम्हा लोकांना सोपं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना १० म्हणजे पैकीच्या पैकी, म्हणजे चांगलं वाटलं, भीती अजिबात नाही म्हणून त्यांनी अभिमानाने १० दिले! मी म्हटलं रुपयात किती आणे भीती, तर लगेच म्हणाले दोन आणे.

दुसरं, देवळात कौल लावून आलाय का ते विचारून ठेवा. मला उजवा कौल झालेला, त्यानंतर 'भीती वाटते' म्हणणं म्हणजे देवावर भरवसा नाही म्हटल्यासारखं, मी सगळीकडे ० केलं आणि रात्रभर पंखा मोजत पडलो. आणि बायको समोर बसली असताना तर कोण खरं लिहितो.

डिचोलीची_सिस्टर
मास्तर, आजोबांचा किस्सा वाचून घाम फुटला, माझ्या १२ मध्ये दोघे १० वाले आहेत आणि मी त्यांना खूप घाबरलेले समजून समजूत काढत बसले होते. उद्या परत विचारते.

ठरवलं असं: २, ६ आणि ८ बदलते, रेघेच्या दोन टोकांना 'अजिबात भीती नाही' आणि 'याहून जास्त भीती असूच शकत नाही' हे मोठ्या अक्षरात. आणे छापता येणार नाहीत, पण समजावताना नमुन्याचा एक प्रश्न आधी करून घेईन, कुत्र्याच्या भीतीचा वगैरे, आणि ते समजावणंही लिहून ठेवणार म्हणजे प्रत्येकाला सारखंच. नातेवाईकांना बाहेर चहाला. फक्त मराठी वाचणारेच घेणार, कोंकणीची वेगळी करावी लागेल, ती पुढच्या कोणीतरी करा रे.

बदललेली तीन वाक्यं परत उलट करायला देते पण यावेळी भाषांतरवाल्यांच्या आधी नवीन १० पेशंटना. सहाव्याला 'ऑपरेशनचा उपयोग होणार नाही' कसं वाटतं? फेलपेक्षा मऊ आहे पण अर्थ पातळ होतो का?

शब्दखोर_फोंडा
थोडा होतो. 'ऑपरेशन यशस्वी होणार नाही' करून बघा, त्यात 'यशस्वी' शब्द आधी कानावर पडतो, वास्तूलाही चालेल.

गॅसवाला_डॉक्टर
दोन्ही छापून न्या, ५-५ जणांना दाखवा. कागद हातातून काढून घेतला तर उत्तर मिळालं.