इन्सुलिन तेवढंच, पण शुगर कधी ९० तर कधी ३१०. चूक कुठे होतेय?

सातारकर_सून:
सासूबाई, वय ७१. ३०/७० इन्सुलिन (३० टक्के लवकर, ७० टक्के सावकाश काम करणारं मिश्रण), सकाळी २० आणि रात्री १२ युनिट. बाटली ४० आययूची (एका मिलीत ४० युनिट), सिरिंजने घरीच देते. दोन महिने डोस तोच, जेवणही ठरलेलं. तरी उपाशीपोटी शुगर एक दिवस ९०, दुसऱ्या दिवशी ३१०. डोस वाढवून मागावा का? बेंबीच्या बाजूला जरा फुगीर झालंय, तिथे दुखत नाही म्हणून तिथेच टोचते.

वॉर्डसिस्टर:
ताई, दुखत नाही तिथेच खरं दुखणं आहे. रोज एकाच जागी टोचलं की कातडीखालची चरबी वाढून रबरासारखी गाठ होते. तिच्यातून इन्सुलिन कधी भरभर, कधी रेंगाळत रक्तात जातं. गाठ नुसती बघून कळेलच असं नाही. त्यांना उताणं झोपवा, बोटांना साबणाचं पाणी लावा आणि बोटं सपाट ठेवून पोटावरून हळूहळू फिरवा. चांगली कातडी चिमटीत पातळ येते, गाठीवरची जाड लागते. गाठीभोवती पेनने रेघ मारा. त्या रेघेच्या आत आता काही महिने सुई नको.

पोटाचे चार भाग करा, आठवड्याला एक भाग. त्यातही कालच्या टोचणीपासून एक बोट सरकायचं, आणि बेंबीपासून दोन बोटं लांब राहायचं. दर वेळी नवी सुई.

पण आज लगेच जागा बदलून तेच २० युनिट देऊ नका! चांगल्या जागी ते पूर्ण लागू पडतं आणि शुगर धाडकन उतरते. आधी डॉक्टरांना फोन करून डोस विचारा.

केमिस्टकाका:
सिरिंजही बघून घ्या. लाल टोपण ४० आययूच्या बाटलीसाठी, नारिंगी १०० आययूसाठी. नारिंगी सिरिंजमध्ये ४० चं औषध २० च्या रेघेपर्यंत भरलं तर पोटात ८ युनिटच जातात. उलट झालं, म्हणजे १०० चं औषध लाल सिरिंजमध्ये २० पर्यंत, तर ५० युनिट. ते जिवावर बेतेल.

घरच्या घरी पडताळा: ४० आययूच्या १० मिली बाटलीत ४०० युनिट असतात. रोज ३२ म्हणजे बाटली १२-१३ दिवसांत संपायला हवी. महिनाभर पुरली तर खुशाल समजा, सिरिंज चुकीची आहे.

३०/७० चं औषध तळाशी बसतं. वरचं नितळ पाणी ओढलं गेलं की डोसचा हिशेबच बिघडतो. बाटली तळहातांत १० वेळा घोळवा, १० वेळा उलटसुलट करा, दुधासारखी एकसारखी दिसेपर्यंत. खदाखदा हलवू नका, बुडबुडे येतात. गोळे राहिले किंवा काचेला बर्फासारखे कण चिकटले तर फेकून द्या. फ्रीझरमध्ये गोठलेली बाटलीही वाया गेली.

सातारकर_सून:
टोपण लाल, बाटली तेराव्या दिवशी संपते. गाठी मात्र दोन्हीकडे आहेत, डावी लिंबाएवढी. डॉक्टरांनी आता सकाळी १६, रात्री १० सांगितलंय. पण रात्री झोपेत शुगर उतरली तर कळणार कसं?

वॉर्डसिस्टर:
पहिले चार-पाच दिवस रात्री तीनला एकदा तपासा. घामाने उशी ओली होणं, झोपेत बडबड, सकाळी डोकं जड, याही खुणा. बीपीच्या काही गोळ्यांमुळे धडधड, थरथर कळत नाही, घाम मात्र येतो.

७० च्या खाली आली तर ग्लुकोज पावडर तीन चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अर्ध्या कप पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, तरी कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर पोळीचा तुकडा किंवा दूध. आधी पेढा देऊ नका, तुपा-खव्यामुळे साखर उशिरा चढते. व्होग्लिबोजची गोळी (जेवणातल्या साखरेचं पचन लांबवणारी) चालू असेल तर घरची साखर पटकन लागू पडत नाही, ग्लुकोजच हवं. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन.

केमिस्टकाका:
आणि तपासण्याआधी बोट साबणाने धुऊन कोरडं करा. आंबा कापलेल्या हाताने तपासलं तर मीटर आंब्याचीही साखर मोजतो. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या डब्यात, झाकण घट्ट लावून. कचरा उचलणाऱ्याच्या हाताला टोचतात हो.